नेदरलँड्स: पवनचक्क्या, पोल्डर आणि कालव्याकाठची जुनी घरं – फोटोग्राफीसाठी नेमकी माहिती हवी

प्रवासी_पुणेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेदरलँड्सला जाणं होतंय. मुक्काम आम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलव्हेनला नातेवाइकांकडे. गाडी नाही, ट्रेन-बस-सायकल एवढंच. सोबत फुल फ्रेम बॉडी, २४-७० आणि ७०-२०० झूम, हलका कार्बन ट्रायपॉड, पोलरायझर (चकाकी आणि प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर) आणि सहा स्टॉपचा एनडी (उजेड ६४ पट कमी करणारा काळा फिल्टर).

पवनचक्क्या, ट्युलिप, आम्स्टरडॅमची घरं आणि जमल्यास उट्रेख्त शहर असा बेत आहे. 'अमुक ठिकाण सुंदर आहे' छापाची माहिती पोत्यानं मिळते. मला हवंय ते असं: कधी, कुठून, काय सेटिंग, आणि फोटो बिघडतो तो नेमका कशामुळे. जाणकारांनी हात सैल सोडून लिहावं.

---

चक्कीवाला

आधी एक गोष्ट पक्की करा: तुम्हाला फिरणारी चक्की हवी की पाण्यातलं प्रतिबिंब? दोन्ही एकाच फोटोत जवळपास कधीच मिळत नाही. पाती फिरायला बऱ्यापैकी वारा लागतो, आणि तेवढ्या वाऱ्यात कालव्याच्या पाण्याचा आरसा राहत नाही. धुक्याचंही तेच. पोल्डरवरचं (पाणी उपसून कोरड्या ठेवलेल्या सखल जमिनीवरचं) जमिनीलगतचं धुकं निरभ्र रात्र, ओली जमीन आणि जवळपास वाराच नाही अशा वेळी धरतं, म्हणजे धुक्याच्या सकाळी चक्क्या उभ्याच. आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघायचा आणि उद्या कोणता फोटो काढायचा ते तेव्हाच ठरवायचं. दोन्हींच्या मागे लागलं की हातात अर्धवट काहीतरी येतं.

वाऱ्याची दिशाही बघा, हे फार कमी लोक करतात. डच चक्कीची टोपी फिरते आणि चक्कीवाला पाती वाऱ्याच्या तोंडावर आणतो. तिकडचा नेहमीचा वारा नैऋत्येचा. त्या दिवशी पात्यांचं तोंड नैऋत्येला, म्हणजे समोरून ऊन दुपारनंतर, आणि सकाळी चक्की पाठीमागून उजळलेली. वसंतात पूर्वेचा, ईशान्येचा कोरडा वारा बरेचदा असतो. तेव्हा हेच उलटं होतं आणि सकाळचं ऊन थेट पात्यांवर येतं. नुसतं सूर्याचं ॲप बघून जागा ठरवली तर चक्कीची पाठ मिळण्याची शक्यता भरपूर.

आता शटर. काम करणारी चक्की मिनिटाला साधारण १५ ते २० फेरे घेते. किंडरडाइकच्या पात्यांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार २८ मीटरच्या आसपास. १५ फेऱ्यांना टोकाचा वेग सेकंदाला २२ मीटर, ताशी ८० किलोमीटरच्या घरात. लांबून संथ वाटतात म्हणून १/१२५ ठेवलं तर मधला भाग स्वच्छ आणि टोकं किंचित पुसट येतात. फोटो हललाय असंच वाटतं.

पूर्ण गोठवायचं तर १/१००० किंवा वर, पण मग चक्की बंद पडल्यासारखी दिसते. गती दाखवायची तर १/८ ते १/४. १/८ ला पातं साधारण ११ अंश सरकतं, आकार ओळखू येतो आणि फिरणंही कळतं. एक सेकंदात चारही पाती पाव-पाव फेरा पुसून काढतात आणि नुसती धुरकट तबकडी उरते. तुमच्याकडचा सहा स्टॉपचा एनडी इथे अगदी बरोबर बसतो: कडक उन्हात आयएसओ १००, एफ/८ ला जे १/४०० येईल ते एनडी लावून १/६ च्या जवळ येतं.

---

रॉ_मराठी

चक्कीवाल्यांच्या प्रतिसादाला पुरवणी. फिरत्या चक्कीवर एक्स्पोजर ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम घेऊन नंतर जोडणं) करू नका. तीन फ्रेममध्ये पाती तीन जागी असतात, जोडताना भुतासारखी बारा पाती उमटतात आणि सॉफ्टवेअरचं 'घोस्ट काढा' बटण अर्धं पातं गिळतं. ग्रॅज्युएटेड (वरचा अर्धा भाग काळा असलेला) फिल्टरही चालत नाही; चक्की क्षितिजाच्या वर जाते, त्यामुळे टोपी आणि वरची पाती काळवंडतात. एकच रॉ (कॅमेऱ्यात प्रक्रिया न झालेली) फ्रेम घ्या, ढगांचा उजळ भाग जळणार नाही इतपत हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडे ढकला आणि गवती छपराची सावली नंतर दोन स्टॉप उचला. आयएसओ १०० ला आजचे सेन्सर एवढं सहज सोसतात.

पोलरायझर २४ मिमीवर आकाशात गडद पट्टा पाडतो, आणि इथे फ्रेमचा दोन-तृतीयांश भाग आकाशच असतो. ५० च्या पुढेच वापरा. प्रतिबिंब हवं असेल तर काढूनच ठेवा.

---

प्रवासी_पुणेकर

वा, हेच हवं होतं. मग किंडरडाइक की झान्स स्खान्स? एकाच ठिकाणी जमेल असं धरून चाला.

---

चक्कीवाला

दोन्हींची जात वेगळी. किंडरडाइक म्हणजे पाणी उपसणाऱ्या १९ चक्क्या, बहुतेक १७३८ ते १७४० मधल्या, मूळ जागी उभ्या, १९९७ पासून जागतिक वारसा यादीत. एका ओळीत विटांच्या गोल, दुसऱ्या ओळीत गवती छपराच्या अष्टकोनी. ७०-२०० घेऊन लांबून ओळ दाबून घेतली की पाच-सहा चक्क्या एकामागे एक चिकटून येतात. २४ मिमीवर त्याच चक्क्या काड्यापेट्यांएवढ्या दिसतात. पायवाट सार्वजनिक आहे, कधीही जाता येतं. तिकीट फक्त आतून बघायच्या संग्रहालय-चक्क्यांना. बाकीच्या बहुतेक चक्क्यांत माणसं राहतात, फाटकाच्या आत शिरू नका. या चक्क्यांची पाती जमिनीच्या अगदी जवळून जातात, कुंपणापलीकडे 'जरा पुढे' गेलेला माणूस सरळ दवाखान्यात जातो.

अडचण एकच. सूर्योदयाला सार्वजनिक वाहनानं पोहोचणं कठीण. रॉटरडॅमहून वॉटरबस आहे पण पहाटेची नाही. एप्रिलच्या विशीत सूर्योदय साडेसहाच्या सुमारास आणि सूर्यास्त पावणेनऊला, त्यामुळे तुम्ही संध्याकाळ धरा. परतीची शेवटची फेरी आधी बघून ठेवा. नाहीतर रॉटरडॅमला राहून सायकलनं जायचं.

झान्स स्खान्स म्हणजे झान नदीकाठच्या भागातल्या चक्क्या आणि लाकडी हिरवी घरं १९६० च्या दशकापासून एकत्र आणून वसवलेली वस्ती. आम्स्टरडॅमहून लोकल गाडीनं वीस मिनिटांच्या आत. गर्दी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. त्याच्या अलीकडे-पलीकडे वाटा रिकाम्या. चक्क्या नदीच्या पूर्व तीरावर, म्हणून पश्चिम तीरावरून म्हणजे झानडाइककडून संध्याकाळी समोरून ऊन आणि पहाटे छायाकृती. युलियाना पुलावरून ७०-१०० मिमीला ओळ तिरकी मिळते, पण अवजड वाहन गेलं की पूल थरथरतो. एक सेकंदाचं एक्स्पोजर असेल तर वाहनांच्या मधली फट साधा. 'दे कात' ही रंग दळणारी चक्की, तिच्या सज्जावर तिकीट काढून चढता येतं आणि शेजारच्या चक्क्या पात्यांच्या उंचीवरून दिसतात. सपाट मुलुखात एवढी उंची फुकट मिळत नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही सोडून आर्लांडरव्हेन. चार चक्क्या टप्प्याटप्प्यानं पाणी वर चढवतात आणि पोल्डर आजही त्यांच्यावरच कोरडा राहतो. दुकानं नाहीत, रांगा नाहीत. आल्फेन आन दे रेइन स्टेशनवरून सायकल.

---

नीलपाणी

आम्स्टलव्हेनला राहणार म्हणता, तर आम्स्टल नदीकाठची रीकरमोलेन विसरू नका. सायकलनं अगदी जवळ, शेजारी रेम्ब्रांटचा पुतळा. पहिल्या संध्याकाळी हात साफ करायला उत्तम.

चक्कीचा फोटो आडवा उलटवू नका बरं का. डच चक्की समोरून पाहिली तर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरते, आणि थांबवताना पाती कुठे ठेवली यालाही अर्थ असतो. वरचं पातं माथ्यावर पोहोचायच्या जरा आधी, म्हणजे समोरून बघता उजवीकडे कललेलं, असेल तर घरात आनंदाची गोष्ट. माथा ओलांडून डावीकडे कललेलं असेल तर सुतक. सरळ फुली म्हणजे थोडी विश्रांती, तिरकी फुली म्हणजे लांब विश्रांती. मांडणी बरी दिसते म्हणून फोटो उलटवला की लग्नघराचं सुतकघर होतं, आणि डच माणूस ते पहिल्या नजरेत सांगतो.

निळा पताका-पट्टा लावलेला दिसला तर चक्की बघायला खुली आहे. आत जाताना देणगीची पेटी असते, दोन-तीन युरो टाकावेत. बहुतेक चक्कीवाले स्वयंसेवक आहेत.

---

बागवान_लिस

ट्युलिपबद्दल. लिस, हिलेगोम, नोर्डवाइकरहाउट हा पट्टा सगळ्यांना माहीत आहे, पण मागच्या वर्षीचा नकाशा घेऊन जाऊ नका. शेतकरी कंदांची फेरपालट करतात, त्याच वावरात पुढल्या वर्षी दुसरंच पीक असतं. दुसरं, फूल हे इथलं पीक नाहीच. पीक आहे कंद. रंग तपासून झाला की यंत्रानं फुलांची मुंडकी उडवतात, म्हणजे ताकद कंदात जाते. आज लाल असलेलं शेत दोन दिवसांनी निव्वळ हिरवं. एप्रिलचा शेवट जवळ आला की नोर्डओस्टपोल्डरकडे किंवा उत्तर हॉलंडच्या टोकाला वळा, तिकडे हंगाम थोडा मागून चालतो.

शेतात पाय ठेवायचा नाही. बुटांच्या मातीतून रोग एका वावरातून दुसऱ्यात जातात, आणि तुडवलेला कंद गेला तो गेलाच. रस्त्याच्या किंवा चराच्या कडेवरूनच काढा. कॅमेरा जमिनीपासून ६०-७० सेंटिमीटरवर आणा. उभ्यानं काढलं तर ओळींमधली माती दिसते आणि गालिचा फाटका वाटतो. ओळींना आडवं राहून १५०-२०० मिमीला रंगाचे पट्टे दाबले की मातीचा पत्ताच लागत नाही.

भल्या पहाटे जाऊन उपयोग थोडा, थंडीत फुलं मिटलेली असतात. उघडी हवी तर ऊन वर येऊ द्या.

---

रॉ_मराठी

लाल ट्युलिपचा सगळ्यात मोठा घोळ म्हणजे लाल चॅनेल जळतो आणि साधा पांढरा हिस्टोग्राम ते सांगत नाही. आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि पाऊण स्टॉप कमी ठेवा. जळलेल्या लालात पाकळीची शीर परत येत नाही, कितीही स्लायडर ओढा.

पुढचं फूल ४० सेंटिमीटरवर आणि मागे चक्की, दोन्ही तीक्ष्ण हवेत असा मोह होतो. २४ मिमी, एफ/११ ला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की त्याच्या निम्म्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं तीक्ष्ण येतं) पावणेदोन मीटर, म्हणजे पाऊण-एक मीटरच्या अलीकडचं फूल मऊच येणार. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडणं) करायला गेलात तर वारा फुलं हलवतो आणि थर जुळत नाहीत. पुढचं फूल मीटरभर लांब घ्या, आयएसओ ४०० ला १/२५० ठेवा आणि एकाच फ्रेममध्ये आटपा.

---

वीटकरी

आता घरांकडे. तुमची वेळ काठावरची आहे. आम्स्टरडॅमच्या कालव्यांवर एल्मची झाडं आहेत. एप्रिलच्या मध्यापर्यंत फांद्यांतून दर्शनी भिंती दिसतात, मे महिन्यात पानांचा पडदा पडतो तो थेट नोव्हेंबरपर्यंत. म्हणून घरं पहिल्या दोन दिवसांत उरकून घ्या, चक्क्या नंतर. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस, त्या दिवशी कालव्यात पाणी कमी आणि माणसं जास्त असतात. इमारतींच्या फोटोसाठी तो दिवस वाया.

उभं राहायचं ते समोरच्या काठावर. घराच्या पुढ्यातल्या धक्क्यावरून १० मीटर अंतर मिळतं. २४ मिमी उभा धरला तरी जेमतेम १५ मीटर उंची मावते, आणि कॅमेरा वर करावा लागतो. समोरच्या काठावरून अंतर ४०-४५ मीटर, ५० मिमी उभ्या फ्रेममध्ये ३० मीटरच्या आसपास उंची बसते. घर पूर्ण, पाणी खाली, कॅमेरा सरळ.

आणि कृपा करून सॉफ्टवेअरमधलं उभ्या रेषा आपोआप सरळ करणारं 'ऑटो अपराइट' बंद ठेवा. इथली घरं खरंच कललेली आहेत. पुढे झुकलेली दिसतात ती मुद्दाम बांधलेली: माथ्यावर तुळई आणि आकडा दिसेल, त्यावरून सामान वर ओढताना ते भिंतीला घासू नये म्हणून. बाजूला कललेली ती पायामुळे. घरं लाकडी खुंटांवर उभी आहेत, खुंट मऊ जमिनीतून खाली वाळूच्या थरापर्यंत ठोकलेले. भूजल खाली गेलं आणि खुंटाचं डोकं हवेत उघडं पडलं की कुजतं. सॉफ्टवेअरला हे काही कळत नाही. ते वाकडं घर सरळ करतं आणि शेजारचं सरळ घर वाकवतं. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक पातळी शून्यावर आणा, त्या फ्रेमवर विश्वास ठेवा. डामराकच्या पाण्याकाठची घरं 'सुधारून' टाकलेले फोटो बघितले की जीव हळहळतो.

उजेडाचं गणित: कालव्यांची साखळी अर्धगोल आहे. पश्चिमेकडच्या भागात कालवे साधारण उत्तर-दक्षिण, तिथे पूर्व काठावरच्या घरांवर संध्याकाळचं ऊन आणि पश्चिम काठावर सकाळचं. दक्षिणेकडे कालवे पूर्व-पश्चिम वळतात. तिथली उत्तर काठावरची घरं दिवसभर उजेडात, दक्षिण काठावरची सावलीत. हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी: डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम १४ अंशांवर असतो. १५ मीटर उंच घराची सावली ६० मीटर जाते, म्हणजे अख्खा कालवा ओलांडते. ढगाळ दिवस तेव्हा जास्त कामाचा.

---

रात्रपाळी

एप्रिलात सूर्यास्तानंतर निळी वेळ (आकाश गडद निळं असतं तो संधिप्रकाश) पाऊण तासाच्या जवळपास मिळते. आपल्याकडे सूर्य बुडाला की बघता बघता अंधार होतो, त्या सवयीनं लोक फार लवकर ट्रायपॉड आवरतात. सूर्यास्तानंतर २० ते ३५ मिनिटं हा सगळ्यात चांगला टप्पा: आकाश आणि पुलाच्या कमानीवरचे दिवे एका पातळीला येतात. एफ/११, आयएसओ १००, ४ ते ८ सेकंद. रेग्युलिर्सग्राख्त कालव्यावर पुलांच्या कमानी एकामागे एक दिसतात, ७० मिमीच्या पुढे.

बिघडतं कुठे? एक, बांधून ठेवलेल्या बोटी डुलतात. ८ सेकंदांत त्या पुसट येतातच. आयएसओ ८०० ला एक सेकंदाची जादा फ्रेम घेऊन तेवढाच भाग नंतर जोडा. दोन, ट्राम जाणाऱ्या पुलावर ट्रायपॉड ठेवणं. तीन, वाऱ्यात लेन्स हुड शिडासारखं काम करतं. काढून टाका, मधला दांडा वर करू नका, खालच्या आकड्याला बॅग टांगा पण ती जमिनीला टेकू द्या. लोंबकळती बॅगच ट्रायपॉड हलवते. आणि सायकलच्या वाटेवर ट्रायपॉड मांडू नका. घंटी एकदाच वाजते.

---

सिंधुदुर्गकर

@वीटकरी, ट्रायपॉडला परवानगी लागते का? आणि ड्रोन?

एक सुचवणी: डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली बंदरं, हॉर्न आणि एन्क्हुइझन, कुणी लक्षात घेत नाही. आम्स्टरडॅमहून एन्क्हुइझन ट्रेननं तासभर, कंपनीचं कोठार 'पेपरहाउस' आज संग्रहालयात आहे. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार त्याच कंपनीची. दोन्हीकडचे फोटो शेजारी लावले तर मालिका होईल.

---

वीटकरी

स्वतःसाठी काढत असाल आणि वाट अडवत नसाल तर रस्त्यावर ट्रायपॉड चालतो. व्यावसायिक शूटिंगला पालिकेची परवानगी. सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या इमारतींचे फोटो प्रसिद्ध करायला डच कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ प्रमाणे हरकत नाही.

ड्रोनला कॅमेरा असेल तर वजन २५० ग्रॅमच्या खाली असलं तरी चालकाची नोंदणी लागते, तिथे ते काम आरडीडब्ल्यू ही संस्था बघते. उंचीची मर्यादा १२० मीटर. आम्स्टरडॅम आणि आम्स्टलव्हेन स्खिपोल विमानतळाच्या छायेत, किंडरडाइक संरक्षित पक्षी-अधिवास. थोडक्यात, तुमच्या यादीतल्या जागांसाठी ड्रोन पुण्यालाच ठेवा.

उट्रेख्तचा डॉम टॉवर, म्हणजे चर्चचा मनोरा, ११२ मीटर. चर्चचा मधला भाग १६७४ च्या वादळात कोसळला, म्हणून मनोरा आणि चर्च आज सुटे उभे आहेत. २४ मिमी उभा धरून कॅमेरा सपाट ठेवला तर अख्खा मनोरा मावायला १५० मीटर मागे जावं लागतं, भिंग १२ मिमी वर सरकवता येणारी शिफ्ट लेन्स असेल तर ९०. डॉमप्लेन चौकात तेवढी जागाच नाही. तिथे वरचे टप्पे ७०-२०० नं तुकड्यातुकड्यात घ्या आणि पूर्ण मनोऱ्यासाठी औडेग्राख्त कालव्यावर उतरा. तिथले धक्के दोन मजली आहेत. खालच्या धक्क्यावर, तळघरांच्या दारांसमोर उभं राहिलं की पाणी, पूल, झाडं आणि वर मनोरा असा थर लागतो. मनोऱ्याच्या उभ्या रेषा थोड्या आत झुकल्या तरी चालेल. एवढी उंच इमारत पूर्ण सरळ केली की डोकं जड दिसतं.

---

प्रवासी_पुणेकर

सगळ्यांचे आभार. म्हणजे क्रम असा: पहिले दोन दिवस आम्स्टरडॅमची घरं, वाऱ्याच्या दिवशी किंडरडाइक, बिनवाऱ्याच्या पहाटे झानडाइकचा काठ, ऊन वर आल्यावर लिस, एक दिवस उट्रेख्त. बरोबर?

---

चक्कीवाला

बरोबर, एकच बदल. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी किंडरडाइकला सकाळची पहिली वॉटरबस पकडा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर पात्यांची पाठ मिळेल. आणि झानडाइकला बिनवाऱ्याच्या पहाटे जाताना ७०-२०० वर असू द्या, समोरच्या काठापर्यंत पाण्याची रुंदी बरीच आहे.